नाशिकची नोकरी, पुण्याची ऑफर की पंचवटीचा पास? पैसे कुठे उरतात आणि वेळ कुठे उरतो

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत बरी नोकरी चालू असते, घर स्वतःचं असतं आणि मग एक दिवस पुण्याची ऑफर येते, हातात ४८ हजार येत होते ते एकदम ७० होणार म्हटल्यावर घरात चर्चा सुरू. आई म्हणते कशाला, मित्र म्हणतात वेडा आहेस का, जा. अशा माणसासाठी हे लिहितोय. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाकून बघा.

आधी नाशिक. ४८ मधले १२ हजार घरात दिले, पेट्रोल ३, स्वतःचा खर्च ८, म्हणजे २५ हजार उरले. आता पुणे. वाकड-हिंजवडीकडे वन बीएचके घेतला तर भाडं-मेंटेनन्स मिळून २० हजार धरा, राशन-डबा-लाइटबिल १०, पेट्रोल ४, महिन्यातून दोनदा नाशिकला येणं-जाणं ४, आणि स्वतःचा खर्च १०, कारण पुण्यात वीकेंडला रूमवर बसून राहायचं म्हणजे कंटाळा येतो आणि बाहेर पडलं की पैसे जातातच. उरले २२ हजार, आणि यात घरी एक रुपया पाठवलेला नाही! पगार २२ हजारांनी वाढला आणि शिल्लक ३ हजारांनी कमी झाली.

पण हेच गणित दोन रूममेटसोबत करा. भाडं ९ हजारांवर आलं की ३३ उरतात, म्हणजे नाशिकपेक्षा ८ हजार जास्त. ते ८ हजार दर महिन्याला दहा वर्षं एसआयपीत (म्हणजे म्युच्युअल फंडात) टाकले आणि सरासरी १० टक्के मिळाले (मिळतीलच असं नाही) तर साधारण साडेसोळा लाख होतात. म्हणून माझं मत सरळ आहे, एकटे असाल आणि शेअरिंगमध्ये राहायची तयारी असेल तर पुणे पैशाने जिंकतं, बायको-पोरांसकट जायचं असेल तर ७० मध्ये नाही जिंकत, त्याला निदान ८५-९० तरी पाहिजेत आणि शाळेची फी वेगळीच. त्यात बायकोची नाशिकला नोकरी असेल आणि ती सोडावी लागणार असेल तर तो पगारही हिशोबात वजा करा, हे बरेच जण विसरतात.

टॅक्सची भीती मात्र या पगाराला नको. २०२५-२६ पासून इन्कम टॅक्सच्या नव्या रेजिममध्ये पगारदाराला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो पीएफमध्ये. नव्या कंपनीत बेसिक (मूळ पगार) जास्त असेल आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर तुमचे १२ टक्के आणि कंपनीचा हिस्सा दोन्ही वाढतात, हातात दिसत नाही पण साठतं, आणि २०२४-२५ ला व्याज ८.२५ टक्के होतं म्हणजे एफडीपेक्षा बरंच. काही कंपन्या १५ हजारांवरच पीएफ कापतात, ते नीट विचारा.

नाशिकची खरी कमजोरी पगार नाही, पर्याय कमी असणं ही आहे. इथली नोकरी गेली तर तशीच दुसरी मिळायला वेळ लागतो, पुण्यात चाकणपासून खराडीपर्यंत कुठेतरी लागतं. म्हणून नाशिकलाच थांबणार असाल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून भागणार नाही, मी तर नऊ म्हणेन. आयटीवाला असाल, वय पंचविशीचं असेल, तर तीन-चार वर्षं जाऊन या, कारण तिथे एक-दोन स्विचमध्ये पगार जिथे जातो तिथे इथे बसून जायला फार वर्षं लागतात.

उलट बाजू घराची. पुण्यात घर घ्यायला समजा नाशिकपेक्षा २० लाख लोन जास्त लागलं तर साडेआठ टक्क्याने वीस वर्षांसाठी हप्ता सव्वासतरा हजारांच्या वर वाढतो. म्हणजे वाढलेला पगार जवळपास बँकेला! पुण्यात भाड्यानेच राहा आणि नाशिकच्या घराचं लोन असेल तर ते फेडा, फ्लोटिंग रेटच्या (व्याजदर बदलत राहणाऱ्या) होम लोनला लवकर फेडल्याचा दंड नसतो.

पंचवटीचा पास, म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी, हा तिसरा पर्याय. भाडं वाचतं, घर नाशिकला राहतं, पगार मुंबईचा. पण सकाळी सातच्या आसपास नाशिकरोड सोडायचं आणि रात्री साडेनऊच्या सुमारास परत, गाडी लेट झाली तर बोलूच नका. डब्यात वाढदिवस होतात, ग्रुप जमतो, सगळं खरं, पण पोरगं झोपलेलंच दिसतं. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस आणि बाकी घरून काम असेल तर मात्र यासारखं काही नाही, मी डोळे झाकून हेच घेईन.

आणि वेळेचं काय? इथे पाचला कंपनी सुटली की साडेपाचला घरी, रविवारी पांडवलेणी चढून मिसळ खाऊन दहाला परत, आईबाबांना दवाखान्यात न्यायचं तर हाफ डे पुरतो. पुण्याहून यायचं तर २१० किलोमीटर, थेट रेल्वेमार्ग नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी चाकणचं ट्रॅफिक, पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत. (२०२७ च्या कुंभामुळे इथेही सगळीकडे खोदून ठेवलंय, पण ते तात्पुरतं.) आईवडील साठीच्या पुढे असतील आणि तुम्ही एकटेच असाल तर हा मुद्दा मी पैशाच्या वर ठेवेन.

हो म्हणायच्या आधी एचआरला एवढं विचारा: ऑफिसला आठवड्यातून किती दिवस, व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग) सोडून हातात किती, पीएफ कशावर. आणि उत्तरं फोनवर नको, मेलवर घ्या, मग इकडे राजीनामा टाका.