अंगणासाठी बॅटरीचा ग्रास कटर: स्टिकरवरचे व्होल्ट सोडा, बॅटरी काट्यावर ठेवा

पावसाचे पहिले पंधरा दिवस गेले की अंगणातली हरळी घोट्याला लागते. श्रावणापर्यंत टाकळा आणि कुर्डू गुडघ्यावर येतात. आवार दोन ते चार गुंठ्यांचं असेल तर सात-आठ किलोचा पेट्रोलचा ब्रश कटर, त्यातलं ऑइलचं मिश्रण, दोरी ओढून स्टार्ट करणं हा सगळा खटाटोप जरा जास्तच होतो. अशा ठिकाणी अडीच-तीन किलोचा बॅटरीवरचा कटर खरोखर सोयीचा आहे. पाच गुंठ्यांच्या पुढे मात्र पेट्रोलच बरं, नाहीतर कापण्यापेक्षा चार्जिंगची वाट पाहण्यात जास्त वेळ जाईल.

ऑनलाइन शोधायला गेलं की दोन-चार हजारांची यंत्रं दिसतात. कुणावर 48 व्होल्ट, कुणावर 88 व्हीएफ असं ठळक छापलेलं असतं. त्यातला ‘व्हीएफ’ म्हणजे व्होल्ट नव्हे, ती नुसती मॉडेलची सजावट. आत बहुतेक वेळा पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, म्हणून पाचांचा 18. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4.2 वर जातो, म्हणून 21. थोडक्यात ‘18’, ‘20 मॅक्स’ आणि ‘21’ ही एकाच बॅटरीची तीन नावं. खरे 36 व्होल्ट हवे असतील तर ओळीत दहा सेल लागतात.

पाहायचा आकडा वॅट-अवरचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 18 व्होल्ट 2 एएच म्हणजे 36 वॅट-अवर. दाट गवतात मोटरने 250 वॅट ओढले तर हिशेबाने साडेआठ मिनिटं. 4 एएच घेतली तर सतरा. ‘चाळीस मिनिटं चालतो’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते बहुधा हवेत फिरवून मोजलेलं असतं. दोन गुंठ्यांना 4 एएचच्या दोन बॅटऱ्या धराव्यात: एक यंत्रात, एक चार्जरवर.

4 एएच लिहिलंय ते खरं का, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. 18650 मापाचा एक सेल साधारण 45 ते 48 ग्रॅमचा. त्या मापाच्या सेलमध्ये 18 व्होल्ट 4 एएच करायचे तर दहा लागतात, म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर, आणि बॅटरीच्या कवचासकट सहाशेच्या आसपास. मोठ्या 21700 सेलची बॅटरी पाचांतच भागते, पण तो एकेक सेल सत्तर ग्रॅमचा असतो. हातात आलेली ‘4 एएच’ बॅटरी साडेतीनशे ग्रॅम भरली तर आत पाच छोटे सेल आहेत आणि लेबल खोटं आहे. बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आयएस 16046 हा क्रमांकही शोधावा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला ती नोंदणी सक्तीची आहे.

नामांकित यंत्रांतही फसायच्या जागा आहेत. माकिटाचा डीयूआर 181 हा 18 व्होल्टचा, 260 मिलिमीटर रुंदीत कापणारा सुटसुटीत कटर. घरात त्याच कंपनीचं 18 व्होल्टचं ड्रिल असेल तर बॅटरी तीच चालते आणि मग हा सर्वांत शहाणा सौदा ठरतो. पण मॉडेलच्या शेवटी ‘झेड’ असेल तर ते नुसतं यंत्र. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात आणि ‘स्वस्त मिळाला’ हा आनंद तिथेच संपतो. बॉशची घरगुती हिरवी यंत्रं आणि व्यावसायिक निळी यंत्रं, दोन्ही 18 व्होल्टची असली तरी बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत. स्टिलचा एफएसए 45 हलका आहे, 2.3 किलो, पण 36 वॅट-अवरची बॅटरी आतच बसवलेली. ती संपली की काम थांबलं. कुंड्यांच्या आणि वाफ्यांच्या कडा काढायला उत्तम, पावसाळी रानाला नाही. त्यांचाच एफएसए 57 हा 36 व्होल्टचा, बॅटरी काढता येणारा, 280 मिलिमीटरचा. तीन-चार गुंठ्यांचं आवार असेल तर पैसे इथे घालावेत.

दुकानात बॅटरी लावूनच यंत्र हातात घ्या. पाठ न वाकवता हेड, म्हणजे कापणारी नायलॉन दोरी गुंडाळलेला खालचा फिरता डबा, जमिनीला समांतर राहिलं पाहिजे. नळी लांब-आखूड होत नसेल तर उंच माणसाने तो कटर घेऊ नये. साधी कार्बनची (ब्रशवाली) मोटर असली तर कार्बन ब्रश वेगळे मिळतात का ते विचारा, वर्षा-दोन वर्षांत ते झिजतात.

आता दोरी, कारण यंत्र बिघडतं ते बहुतेक इथूनच. या वर्गाच्या यंत्राला 1.6 किंवा 2 मिलिमीटरची नायलॉन दोरी असते. ‘जाड घातली तर टिकेल’ म्हणून 2.4 ची भरली की हवेचा अडथळा वाढतो, मोटरचा वेग उतरतो, गवत कापलं न जाता फाटतं आणि मोटर तापते. हाच प्रकार हेडमागचं गार्ड (संरक्षक कवच) काढल्यावर होतो. ओलं गवत अडकतं म्हणून लोक सर्रास गार्ड काढून टाकतात, पण जास्तीची दोरी छाटणारं छोटं पातं त्याच गार्डवर असतं. ते गेलं की दोरी लांबच राहते आणि मोटरचा वास यायला लागतो. गार्ड ठेवा. दर दहा मिनिटांनी बॅटरी काढून काडीने खरवडा.

दोरी भरताना तीन-चार मीटर घ्यायची, दोन टोकांचं हेड असेल तर मध्यावर दुमडून खाचेत अडकवायची. बाणाच्या दिशेने, फेऱ्याला फेरा लावून, एकावर एक आडवी न जाऊ देता गुंडाळायची. कडेपासून पाच मिलिमीटर रिकामं ठेवायचं. फेरे ओलांडले गेले तर उष्णतेने दोरी आतल्या आत चिकटते आणि कितीही ठोकलं तरी बाहेर येत नाही. उन्हाळाभर पडून असलेली दोरी कडक होऊन तुटत राहते. ती एक दिवस बादलीत भिजत ठेवावी, नायलॉन पाणी धरून पुन्हा लवचिक होतं. दोरी बाहेर यावी म्हणून हेड ठोकायचं ते पूर्ण वेगात, आणि मातीवर, फरशीवर नाही.

जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) दोरी अक्षरशः खातो. तिथे टोक दगडाला न लावता चार बोटं आधी थांबावं, उरलेलं कोयत्याने काढावं. गुडघाभर गवत एकदम मुळाशी न कापता वरून दोन टप्प्यांत उतरवावं, नाहीतर ते हेडभोवती गुंडाळतं. टाकळा कोवळा असेपर्यंत दोरीने जातो (आणि तेव्हा भाजीलाही चालतो), देठ लाकडासारखा झाला की नाही. घाणेरीच्या वाटेला तर जाऊच नये. अशा झुडपांसाठी स्वस्त यंत्रासोबत धातूची दातेरी चकती येते. ती खोक्यातच राहू द्या: हलकी नळी आणि तोकडं गार्ड तिच्यासाठी बनलेलंच नाही, दगडाला लागली की यंत्र हातातून उसळतं. लहान कलमांच्या बुंध्याशी दोरी दोनदा घासली तरी साल सभोवार सोलली जाते आणि झाड सुकतं. चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून बुंध्याला घालून ठेवावा.

चष्मा, गमबूट, जाड पँट, आणि पोरं-कुत्री पंधरा मीटर लांब. कोकणात आधी काठीने गवत झोडपावं, फुरसं (विषारी साप) यंत्राच्या आवाजाने हलेलच असं नाही.

दिवाळीनंतर कटर सात-आठ महिने पडून राहतो आणि बॅटऱ्या मरतात त्या याच काळात. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, चारपैकी दोन दिवे पेटतील एवढी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये नको, घरात कपाटात. तीन महिन्यांनी एकदा दिवे पाहा, एकावर आले असतील तर अर्धा तास चार्जरवर लावा.