डिझेल गळतंय, पण कुठून? पावडर, डाय की पारदर्शक नळी

फरशीवर तेलकट डाग पडतो आणि बॉनेट उघडलं की वास येतो, पण नेमकी जागा सापडत नाही. घरी शोधायला तीन मार्ग आहेत. निवड करताना खर्चाआधी एक गोष्ट बघा: डिझेल बाहेर येतंय की हवा आत जातेय?

डिझेल बाहेर येत असेल तर सुरुवात पावडरनेच करावी. थंड इंजिन डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुऊन पूर्ण वाळवा, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, थोडा वेळ इंजिन चालवून बंद करा. जिथे पावडर ओली होऊन काळवंडते त्यातली सगळ्यात वरची जागा धरा, कारण डिझेल ओघळत खाली येतं आणि खालचा ओला भाग फसवतो. फिल्टरचं हाउसिंग, इंजेक्टरच्या रिटर्न पाइपा (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) आणि त्यांच्या ओ-रिंगा (सांध्यातल्या रबरी कड्या) आधी तपासा. जुन्या रबरी रिटर्न पाइपा तडकतातच, आणि नवी पाइप आणि क्लिप पुण्याच्या नाना पेठेत मिळते.

यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग, टाकीत ओतून गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं. गळती इतकी बारीक असेल की पावडर भिजतच नाही, तेव्हा हा मार्ग खरा उपयोगी. डिझेलसाठीचाच डाय घ्या आणि बाटलीवरचं प्रमाण पाळा. बेसमेंट पार्किंगमध्ये भर दुपारीही पुरेसा अंधार मिळतो.

पण डाग कुठेच नाही आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ लावते, तेव्हा वरचे दोन्ही मार्ग निरुपयोगी. अशा वेळी गाडी एअर घेत असते. पंप टाकीतून डिझेल ओढतो, त्या बाजूला भेग असेल तर थेंब बाहेर न पडता हवाच आत शिरते. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी तात्पुरती लावून बुडबुडे दिसतात का ते बघा. बुडबुडे असतील तर नळी फिल्टरच्या आधी हलवा, तिथे थांबले तर दोष फिल्टरच्या सांध्यात. मात्र टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर ही लाइन दाबाखाली असते, मग नळीच्या भानगडीत पडू नका.

कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाने डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या) जाड लोखंडी पाइपांपाशी मी कुणालाही घरी हात घालू देणार नाही. तिथला दाब 1600 बार आणि त्याहून जास्त असतो. सुईसारखी धार डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीतून आत शिरते, जखम छोटी वाटली तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं. ओल तिथली असेल तर गाडी टो करून गॅरेजला न्या. ओल दुसरीकडची असली तरी तापलेल्या एक्झॉस्टवर डिझेल टपकत असेल तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नका.