तालुका ग्रंथालयाचे वसंतातले उपक्रम : फेब्रुवारीअखेर ते जून, वापरानंतरचा अनुभव

मराठी भाषा गौरव दिनापासून, म्हणजे २७ फेब्रुवारीपासून, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात सगळ्या वयांसाठी कार्यक्रम असतात. घरातल्या तीन पिढ्यांनी यंदा ते पूर्ण हंगामभर वापरले. ग्रंथालय १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचं, सरकारी वर्गवारीत ‘अ’ वर्गाचं आहे. इमारत जुनी आणि कर्मचारी मोजके, तरी उत्साह मोठा. पाचपैकी चार गुण देतो. पाचवा का राखून ठेवला ते पुढे येईलच.

कार्यक्रम कसा झाला हे ठरवताना एकच कसोटी लावली: कार्यक्रम संपल्यावर माणूस देवघेव खिडकीशी, म्हणजे पुस्तक घरी न्यायची नोंद होते तिथे, जातो का? टाळ्या वाजवून सरळ चपला शोधायला गेला, तर तो कार्यक्रम ग्रंथालयात न होता मंगल कार्यालयात झाला असता तरी चाललं असतं.

आधी वेळापत्रक, कारण निम्मी फजिती तिथेच होते. २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाला मुलांसाठी मोठा बेत आखला होता. पण पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा आता एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालतात. आली ती फक्त बालवाडीची मुलं, आणि कार्यक्रम मात्र आठवी-नववीसाठी योजलेला. तो दिवस मोठ्यांना द्यावा आणि मुलांचं सगळं १ मेनंतर ठेवावं. उलट दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. ती मुलं निकाल लागून अकरावी सुरू होईपर्यंत मोकळी असतात आणि त्यांना काहीतरी करायचंही असतं. त्यांना स्वयंसेवक म्हणून घेतलं हा या ग्रंथालयाचा फार चांगला निर्णय. सभासदांच्या नोंदी करणं, खुर्च्या मांडणं, परत आलेली पुस्तकं वर्गांकानुसार, म्हणजे विषयाच्या क्रमांकानुसार, जागेवर लावणं, ही कामं त्यांनी मनापासून केली. मे महिन्यात मुलांचे वर्ग सकाळी साडेसात ते नऊ असतात, तेही योग्य. नऊनंतर पत्र्याच्या सभागृहात पंखा फक्त गरम हवा फिरवतो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शनिवारी गोष्टीचा तास असतो. नाव तास, पण प्रत्यक्षात पंचवीस मिनिटं, आणि तेवढाच हवा. सुरुवातीला ताई खिडकीकडे पाठ करून बसत. मागून उजेड आला की मुलांना पुस्तकाचं पान काळपट दिसतं आणि ती चुळबुळ करू लागतात. पालकांनी सुचवल्यावर बैठक फिरवली. आता उजेड ताईंच्या समोरून, म्हणजे थेट पानावर पडतो. पुस्तक तोंडापुढे न धरता खांद्याच्या उंचीवर बाजूला धरलेलं असतं, त्यामुळे चित्रही दिसतं आणि ओठही. नेहमीच्या आकाराच्या चित्रपुस्तकाला पंधराच्या वर मुलं नकोत, मागच्या रांगेला चित्र कळत नाही. एका सत्रात दोन गोष्टी, मध्ये एक हातवाऱ्यांचं गाणं. पुस्तकं कमी पडली की ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरची मराठी चित्रपुस्तकं मोफत उतरवून छापून घेतात. गोष्ट संपली की तेच पुस्तक आणि त्याच्या जवळची चार-पाच पुस्तकं सतरंजीवर पसरतात. मुलं स्वतः उचलतात आणि आई-बाबा खिडकीवर नोंद करतात. माझ्या कसोटीला हा उपक्रम पूर्ण उतरला.

हंगामातला सगळ्यात कसदार उपक्रम मात्र पुस्तकदुरुस्तीची कार्यशाळा. बारा वर्षांपुढच्या कोणालाही, एका वेळी बारा जणांना प्रवेश. अडीच तासांची दोन सत्रं लागोपाठच्या रविवारी. सरावाला ग्रंथालयाचीच फाटकी पुस्तकं देतात. शिकवणारे गृहस्थ बांधणीच्या कामात मुरलेले आहेत.

सुरुवात खळीपासून. एक वाटी मैदा, पाच-साडेपाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग उरलेल्या पाण्यात घालून मंद आचेवर सतत ढवळायचा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की खळ झाली. पूर्वी कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालत. इथे घालत नाहीत, आणि कारणही सांगतात: मोरचूद विषारी असतं, शिवाय त्यातलं तांबं वर्षानुवर्षं कागद कमकुवत करत राहतं. म्हणून लागेल तेवढीच खळ करायची, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवायची आणि आंबूस वास आला की टाकून द्यायची.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका हे पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं जातं, आणि ते सांगायलाच हवं. टेपचा चिकट थर काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. त्याऐवजी पातळ पण चिवट टिश्यूची (हात पुसायचा नव्हे, पुस्तकदुरुस्तीचा कागद) साधारण एक सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यायची. ती कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर हलकेच ओढून फाडायची. कडेला सुटलेले तंतू पानाच्या तंतूंत मिसळतात आणि जोड बोटाला लागत नाही. खळ ताकासारखी पातळ करून पट्टीला लावायची, फाटीवर ठेवायची आणि कोरड्या ब्रशने टिपत बसवायची. घासायची नाही, ओला कागद चोळवटतो. पानाच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर, त्यावर टिपकागद, वर सपाट वजन. तासाभरात काम दिसू लागतं, पण रात्रभर दाबून ठेवलं तरच पान सपाट राहतं. घाई करून उन्हात ठेवलेली पानं आमच्या टेबलावरच लाटांसारखी उठली.

दुसऱ्या सत्रात पुठ्ठ्याचं काम. नेहमीचं दुखणं म्हणजे पुठ्ठा आणि पानांचा गठ्ठा यांतला सांधा सैल होणं. विणकामाची लांब सुई पांढऱ्या डिंकात, म्हणजे लाकडाला वापरतात त्या पीव्हीए डिंकात, बुडवायची. पुस्तक उभं धरून पाठीलगतच्या फटीतून ती सुई वरून खाली गोल फिरवत न्यायची, मग खालून वर. डिंक फक्त सांध्यात जायला हवा, पाठीच्या पोकळीत ओघळला तर पुस्तक उघडताना करकरतं आणि पाठ तडकते. मग पुस्तक मिटून दोन्ही बाजूंच्या खाचेत एकेक कोरडी सुई बसवायची आणि वजन ठेवायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत उघडून बघायचं नाही.

नवा पुठ्ठा घालताना कागदाच्या तंतूंची दिशा पाहावी लागते. कागदाचा लहान तुकडा एका बाजूने ओला केला की तो वळतो. वळून जी नळी होते, तिची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला तंतू. ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. आडवी गेली तर पावसाळ्यात पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. कोकणातल्या घरांत पुस्तकं का वाकतात याचं एक कारण इथे नीट समजलं.

काय दुरुस्त करायचं नाही, हेही शिकवतात. पानाचा कोपरा दोन-तीनदा मागेपुढे दुमडल्यावर तुटून हातात आला, तर त्या पुस्तकाला घरगुती खळ लावायची नाही. ते वेगळं ठेवायचं आणि जमल्यास स्कॅन करून घ्यायचं. बुरशी धरलेलं पुस्तक तर खोलीतच आणायचं नाही, पिशवीत बांधून बाजूला ठेवायचं. तक्रार एकच: टिश्यू दुसऱ्या सत्रात संपला आणि शेवटच्या चार जणांना साध्या पातळ कागदावर भागवावं लागलं. नोंदणी आधीच झालेली असते, मग साहित्य मोजून आणायला काय हरकत होती?

दुरुस्त झालेली पुस्तकं दाराजवळच्या वेगळ्या फळीवर ठेवली. वर्षानुवर्षं कपाटाच्या तळाशी पडलेली ही पुस्तकं लोक मुद्दाम घरी नेऊ लागले, आणि नेताना जोड बोटाने चाचपून बघत.

१ मेच्या आसपास मराठी विकिपीडियावर लिहायची कार्यशाळा झाली. मराठी विकिपीडिया २००३ साली १ मेलाच सुरू झाला, त्यामुळे दिवस औचित्याचा होता. अडचण मात्र ठरलेलीच आली. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसभरात सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या माणसाला नकार आला आणि अर्धा तास वाया गेला. मोबाइलच्या डेटावरून प्रयत्न केला, तर काही कंपन्यांच्या आयपी पट्ट्यांवर, म्हणजे इंटरनेट-पत्त्यांच्या गटांवर, विकिपीडियावर आधीपासून बंदी असते. उपाय सोपा आहे: प्रत्येकाने आदल्या आठवड्यात घरूनच खातं उघडून यावं, किंवा आयोजकांनी विकिपीडियाच्या अनुभवी सदस्यांना आधी कळवून खाती उघडायचे अधिकार असलेला माणूस मिळवावा. बाकी आखणी उत्तम होती. प्रत्येकाला तालुक्यातला एक विषय दिला: एखादी नदी, किल्ला, बाजारपेठ. अट अशी की प्रत्येक विधानाला संदर्भ हवा आणि तो छापील हवा. त्यामुळे एरवी कुलूपबंद असलेला संदर्भ विभाग उघडला, जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि मराठी विश्वकोशाचे खंड टेबलावर आले. इतरांचा मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला लेख विकिपीडियावर उडवला जातो, हे मात्र सुरुवातीलाच ठणकावून सांगायला हवं होतं. दोन लेख त्यामुळे गेले.

१४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम असतो, सकाळी सहा ते रात्री बारा. पहिल्यांदा येणाऱ्याने एकच जाड पुस्तक आणू नये. दोन-तीन वेगळ्या धाटणीची ठेवावीत आणि दुपारी जड जेवण टाळावं. पाणी, ताक, केळी यांची सोय ग्रंथालयाकडून होती. दुपारी दोन ते चार हा सगळ्यात अवघड टप्पा. तेव्हा अर्धा तास मोठ्याने वाचायची पाळी लावली होती, त्याने झोप उडते. या दिवशी शांतता वाखाणण्याजोगी होती.

ज्येष्ठांच्या बुधवारच्या अभिवाचनाबद्दल थोडक्यात: चांगलं चालतं, वाचणारे तयारीने येतात, पण ध्वनिक्षेपकाचा कर्णा मागच्या भिंतीवर असल्याने आवाज घुमतो. कमी ऐकू येणाऱ्यांनी पुढे डाव्या बाजूला बसावं.

आता वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली आणि गावोगावच्या संस्थांनी ती उचलली. आमच्याकडे मे महिन्यात आठवडाभर असते. वक्ते चांगले आणले होते. शेतीच्या पाण्यावरचं आणि मराठी शिलालेखांवरचं व्याख्यान तर पुन्हा ऐकावं असं. पण पत्रिकेवर साडेसहा लिहायचं आणि दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, देणगीदारांची नावं होऊन वक्ते सव्वासातला उभे राहायचे, हे बदलायला हवं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतात ते बरं, त्यामुळे प्रश्नाच्या नावाखाली दुसरं भाषण होत नाही. वळवाच्या पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा माइक तयार ठेवला होता आणि तो एका संध्याकाळी कामी आला.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथे रात्री दहापर्यंत बसतात, आणि आठवडाभर त्यांच्या पायाखाली लाउडस्पीकर चालू. दोन दिवसांनी त्यांना शेजारच्या शाळेत दोन वर्गखोल्या मिळवून दिल्या. ही सोय पहिल्या दिवसापासून करता आली असती. महिन्याचे पैसे भरून ती मुलं बसतात, त्यांचा अभ्यास हा पाहुण्यांच्या भाषणाइतकाच ग्रंथालयाचा कार्यक्रम आहे.

आणि तो राखून ठेवलेला गुण. व्याख्यानाच्या विषयावरची पुस्तकं सभागृहाच्या दाराशी टेबलावर मांडलेली असत, निवडही विचारपूर्वक केलेली. पण देवघेव खिडकी सातला बंद होते आणि व्याख्यान साडेआठला संपतं. शिलालेखांच्या व्याख्यानानंतर त्या टेबलाभोवती गर्दी झाली, लोक पुस्तकं उघडून उभ्यानेच वाचू लागले. ती घरी न्यायला मिळाली नाहीत, ‘उद्या सकाळी या’ असं सांगावं लागलं. त्या आठवड्यापुरती खिडकी नऊपर्यंत उघडी ठेवायला एक वही, एक कर्मचारी आणि दहावीची दोन मुलं पुरतील. कार्यकारिणीला हे लेखी दिलं आहे. इतर सभासदांनीही द्यावं, वार्षिक सभेत विषय घेणं सोपं जाईल.

पुढच्या वर्षी येऊ पाहणाऱ्यांसाठी: नोंदणी फेब्रुवारीत सुरू होते आणि दुरुस्तीच्या कार्यशाळेच्या जागा सर्वांत आधी भरतात. सभासद पावती सोबत न्या. बालसभासदाच्या अर्जावर पालकाची सही लागते. गोष्टीच्या तासाला नाव नोंदवावं लागत नाही, पण दहा मिनिटं आधी पोचलात तर मुलाला पुढची सतरंजी मिळते. दुरुस्तीला येताना घरातलं लाडकं पुस्तक पहिल्या रविवारी आणू नका. हात बसल्यावर, दुसऱ्या रविवारी आणा.