वायकॉफ हाउस, ब्रुकलिन : घर बघायला गेले आणि वाफ्यातच रमले

न्यूयॉर्कला पाहुणे आले की आपली यादी ठरलेली असते, स्टॅच्यू, टाइम्स स्क्वेअर, ब्रुकलिन ब्रिज, आणि तोवर सगळ्यांचे पाय दुखायला लागतात. या यादीत वायकॉफ हाउस, म्हणजे ब्रुकलिनमधलं एक जुनं शेतघर जे आता म्युझियम आहे, कधीच नसतं आणि मलाही इथे एवढी वर्षं राहून ते माहीत नव्हतं. मुलीच्या शाळेतून एक कागद आला, शनिवारी म्युझियमच्या शेतात व्हॉलंटियर पाहिजेत म्हणून, तेव्हा कळलं. त्यानंतर एक पूर्ण सीझन आम्ही दोघी जमेल तसं जात राहिलो, म्हणून एका भेटीवर नाही तर बऱ्याच शनिवारांवर हा रिव्ह्यू लिहितेय.

आधी पोचायचं कसं ते सांगते. क्लॅरेंडन रोडवर, राल्फ अव्हेन्यूजवळ, ईस्ट फ्लॅटबुश आणि कनार्सीच्या सीमेवर. सबवे अगदी दारात नाही, उतरून बस घ्यावी लागते, तेव्हा वेळ हातात ठेवून निघा. आजूबाजूला सगळा गाड्यांचा, दुकानांचा रस्ता आणि मधेच झाडं, वाफे आणि एक बुटकं, उतरत्या छपराचं लाकडी घर. दीडेक एकराची जागा. पहिल्यांदा बघितलं तर इतकं साधं वाटतं की हे न्यूयॉर्क शहरातलं सगळ्यात जुनं घर मानतात यावर विश्वास बसत नाही.

घराचा सगळ्यात जुना भाग १६५२ च्या सुमाराचा. म्हणजे शिवाजी महाराजांनी अजून जावळी घ्यायची होती, त्या काळातला. सुरुवातीला ही एकच खोली होती, खाली मातीची जमीन, खिडक्यांना काच नाही. पुढे पिढ्या वाढल्या तशा खोल्या जोडत गेले. मला सगळ्यात आवडलं ते दार. आडवं दोन भागात उघडतं, वरचा अर्धा उघडा ठेवायचा, खालचा बंद, म्हणजे उजेड वारा आत येतो आणि कोंबड्या डुकरं येत नाहीत. ज्यांनी गावाकडचं घर बघितलंय त्यांना यातली अक्कल लगेच कळेल.

ज्याच्या कुटुंबाचं हे घर, तो पीटर क्लासेन १६३७ मध्ये अमेरिकेत आला तो मालक म्हणून नाही, करारावरचा गडी म्हणून. आधी वर ऑल्बनीच्या बाजूला एका मोठ्या डच जमीनदाराकडे सहा वर्षं राबला. लिहिता वाचता येत नव्हतं. पण पुढे या भागात आला, जमीन केली, गावचा न्यायाधीश झाला, चर्च उभं करणाऱ्यांत होता, अकरा मुलं झाली. डच लोक तेव्हा आपल्यासारखंच बापाचं नाव लावायचे, क्लासेन म्हणजे क्लासचा मुलगा. १६६४ ला इंग्रजांनी हा भाग डचांकडून घेतला आणि मग आडनाव लागायला लागलं, तेव्हा यांनी वायकॉफ घेतलं. १९०१ पर्यंत हे घर त्याच कुटुंबाकडे होतं. मग हातातून गेलं, मोडकळीला आलं, १९६१ ला वंशजांनी पैसे जमवून परत विकत घेतलं आणि १९६९ ला शहराला देऊन टाकलं. दुरुस्ती पूर्ण व्हायला १९८२ उजाडलं. पेन स्टेशन या रेल्वे स्टेशनची जुनी इमारत पाडल्यावर लोक चिडले आणि शहराने जुन्या इमारती वाचवायचा कायदा केला ना, त्या कायद्याखाली १९६५ मध्ये सगळ्यात पहिली नोंद झाली ती याच घराची.

एवढं सगळं तर पाटीवर वाचून पण कळतं. पण मी ज्यासाठी लिहितेय ते वेगळं आहे.

गडी म्हणून आलेल्या या माणसाच्या घराण्याने पुढे स्वतः माणसं गुलाम म्हणून ठेवली. आणि हे एकटं घर नाही, १७९० च्या जनगणनेत किंग्ज काउंटीतली, म्हणजे आजच्या ब्रुकलिनमधली, साधारण एक तृतीयांश माणसं गुलामीत होती. न्यूयॉर्क राज्यात गुलामी पूर्ण संपली ती ४ जुलै १८२७ ला. आपल्या डोक्यात गुलामी म्हणजे दक्षिणेतले कापसाचे मळे, इथली गहू, मका, भाजीपाल्याची शेती त्याच हातांवर चालायची हे मला माहीतच नव्हतं. मी याआधी दुसऱ्या एका जुन्या घराच्या म्युझियममध्ये, नाव नाही घेत, काही महिने व्हॉलंटियर होते. तिथे आम्हाला पाठ करायला दिलेल्या माहितीत चांदीचे चमचे, पडदे, पलंग सगळं होतं, पण स्वयंपाक कोण करायचं, पाणी कोण भरायचं हे विचारलं की "वेळ असेल तर सांगा" असं उत्तर. मला ते फार लागलं होतं आणि मी सोडून दिलं. इथे तसं झालं नाही. माझ्या मुलीने टूरमध्ये सरळ विचारलं, शेत नांगरायचं कोण? आणि तिला सरळ उत्तर मिळालं, न टाळता, नऊ वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत. माझ्यासाठी या जागेचे अर्धे स्टार तिथेच पक्के झाले.

आता व्हॉलंटियरिंग. नाव नोंदवायचं, फॉर्म भरायचा, जुने कपडे, बंद बूट, पाण्याची बाटली, टोपी. मुलं असतील तर मोठं माणूस सोबत हवं. शेतीचा अनुभव लागत नाही, पण पाठ आणि गुडघे धड हवेत. आमचं पहिलं काम निंदणीचं. खुरपं हातात आल्यावर मला इतकं बरं वाटलं, काय सांगू, आजीच्या मागे फिरायचे त्यानंतर थेट इथेच. आणि निंदताना बघते तर काय, ज्याला ते तण म्हणून उपटत होते त्यात घोळ होती आणि चाकवत होता, दोन्ही इथे आपोआप उगवतात! मी तिथल्या शेत सांभाळणाऱ्या मुलीला सांगितलं की आमच्याकडे या दोन्हीची भाजी करतात, तर ती म्हणाली हो, खाण्याजोगी आहेत, घेऊन जा. त्या रात्री ताक लावून चाकवत केला. ब्रुकलिनच्या मातीतला.

दुसरं काम कंपोस्टचं, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे कारण घरी आपण जे करतो ते बऱ्याचदा अर्धवट असतं. नुसत्या भाज्यांच्या साली टाकल्या तर सडून वास मारतो. त्याला सुकं जास्त लागतं, वाळलेली पानं, भुसा, फाडलेला पुठ्ठा. थर लावायचे, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवायची आणि फोर्कने उलथत राहायचं म्हणजे आत हवा जाते. ढीग नीट जमला की आत ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि ती उष्णता काही दिवस टिकली की तणाचं बी पण मरतं. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून बघतात. थंडीतल्या सकाळी ढीग उकरला की वाफ निघते, माझी मुलगी तेवढ्यासाठी लवकर उठायची.

पण खरी श्रीमंती आहे ती माणसांची. हा सगळा भाग कॅरिबियन लोकांचा, जमैका, हैती, त्रिनिदाद, गयाना, बार्बाडोस. त्यामुळे शेतात नुसती डच काळातली पिकं लावून देखावा केलेला नाही, शेजारी जे खातात ते पण लावतात. एका वाफ्यात कॅललू होतं. जमैकन लोकांचं कॅललू म्हणजे आपल्या माठाचंच भावंड, एकाच कुळातलं. मी म्हटलं हा तर माठ, आणि शेजारच्या वाफ्यावरून एक म्हाताऱ्या गयानीज आँटी म्हणाल्या, आमच्या घरी याला भाजी म्हणायचे. भाजी! त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर करारावरचे मजूर म्हणून भारतातून गयानाला गेलेले, ते जाणं १८३८ पासून सुरू झालं. त्यांना हिंदी येत नाही, कुठल्या गावचे ते माहीत नाही, पण भाजी हा शब्द राहिलाय. आम्ही दोघी त्या वाफ्यात बसून पानं खुडत होतो, समोर एका करारावरच्या गड्याचं घर, आणि आँटी म्हणाल्या की आमच्या आजोबांना पण कागदावर अंगठा घेऊनच आणलं होतं. मी काहीच बोलले नाही. टूरमध्ये ऐकलेलं पीटर क्लासेनचं ते सहा वर्षांचं राबणं मला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. शेजारी एक जमैकन काका होते, ते म्हणाले पीटरला निदान सहा वर्षांनी सुटका होती, आमच्या लोकांना ती पण नव्हती. हेही खरंच. कोणी वाद घातला नाही, पानं खुडणं चालू राहिलं.

शाळांसाठीचे कार्यक्रम, वर्कशॉप, सणाचे दिवस असतात, कुठल्या महिन्यात काय ते वेबसाइटवर बघा कारण बदलत असतं. घर आतून बघायचं असेल तर टूरच्या वेळा आधी पक्क्या करा, नुसतं शनिवारी उघडं असेल म्हणून निघू नका. खोल्या लहान आहेत, एका वेळी जास्त माणसं मावत नाहीत, मोठा ग्रुप असेल तर आधी कळवलेलं बरं. ज्यांना लहान मुलांना गायी, डुकरं, ट्रॅक्टरवरची फेरी, मक्याचा भूलभुलैया असं दाखवायचंय त्यांनी सरळ क्वीन्स काउंटी फार्मला जावं, ते ४७ एकर आहे, १६९७ पासून तिथे शेती चालू आहे, आणि मुलांचा पूर्ण दिवस जातो. वायकॉफ तसं नाही. इथे नुसतं फिरून यायचं म्हटलं तर तासाभरात संपेल आणि तुम्ही म्हणाल एवढंच? म्हणून माझा सल्ला एकच, टूर आणि शेतातलं काम दोन्ही करा, आणि जमलं तर आधी काम आणि मग टूर. हाताला माती लागलेली असताना ती चूल, ती बुटकी दारं, तो वरचा माळा बघणं वेगळं असतं, तुम्ही आपोआप विचारता की पाणी कुठून आणायचे, थंडीत सरपण किती लागायचं, हे सगळं उचलायचं कोण.

अजून एक, कॉलेजला अर्ज करताना व्हॉलंटियरचे तास पाहिजेत म्हणून मुलांना आणून सोडणारे पालक पण मी बघितले. चालेल, तासांसाठी या, पण गाडीत बसून राहू नका, तुम्ही पण खुरपं घ्या. मुलं तुमच्याकडे बघून टिकतात. पहिल्या दोन शनिवारी माझी मुलगी पण कंटाळली होती, तिसऱ्या वेळी तिला तिने पेरलेल्या मुळ्याचे कोंब दिसले आणि मग तिने घरी जायचा विषयच काढला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही लसूण लावला. इकडे लसूण थंडीआधी लावतात, पाकळी टोक वर करून, वरून पेंढा घालायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा, जुलैत काढायचा. आमच्या ओळीला मुलीने काडी रोवून नाव लिहिलंय, आणि त्याच ओळीत चार पाकळ्या आँटींच्या आहेत, त्यांना खाली वाकवत नव्हतं म्हणून मुलीने त्यांच्या नावाने लावल्या.