फ्रान्स हाल्सच्या 'विश्वस्त बायका' भिंतीवर लावून काही महिने झाले

नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरातल्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्त बायकांचं हे चित्र डच चित्रकार हाल्सनं 1664 च्या सुमारास काढलं, वयाची ऐंशी उलटल्यावर. मूळ चित्र अडीच मीटर रुंद आहे. मी ऑनलाइन मागवली ती तीन फुटी प्रिंट. दिवाळीपासून हॉलमध्ये आहे.

आधी तक्रार. ग्लॉसी कागद घेऊ नका. पहिली प्रिंट तशी आली आणि सगळ्या बायकांचे कपडे मिळून एकच काळा डाग. वर ट्यूबलाइट चमकायची ती वेगळीच. हाल्सकडे सत्तावीस काळे रंग असणार, असं चित्रकार व्हॅन गॉगनं 1885 मध्ये भावाला लिहिलं होतं. माझ्या वाट्याला एकच आला. विक्रेत्यानं बदलून द्यायला टाळाटाळ केली. शेवटी मॅट कॉटन कागदावर दुसरी काढून घेतली. महाग पडली, पण आता काळ्यातला काळा वेगळा दिसतो.

पाहुणे विचारतात, कुणाचं सुतक? सुतक कसलं, चांगला काळा रंग तेव्हा महाग होता. ऐपतदारांचा पोशाख तो. चौघी विश्वस्त, उजव्या कडेची पाचवी तिथली नोकर. आश्रम म्हाताऱ्या पुरुषांचा, पण त्यांचं जेवणखाण, कपडालत्ता, नोकरचाकर या बायका बघायच्या. पुरुष विश्वस्तांचं चित्र वेगळं, तेही हाल्सचंच. बाईला सार्वजनिक काम मिळालं, तेही घरकामाच्याच चालीचं! तरी पदावरची बाई म्हणून चित्रात बसायला मिळणं थोडकं नव्हतं. हाल्सनं 1616 मध्ये रंगवलेल्या नागरी सैन्याच्या मेजवानीत पुरुष ऐसपैस बसलेत, काही उभे आहेत. इथे खाणंपिणं नाही, हसणं नाही. बैठक चालू आहे आणि आपण मध्येच आत शिरलोय.

हाल्सला उतारवयात शहराकडून वर्षाला 200 गिल्डरची (तेव्हाचं डच चलन) मदत मिळे. त्यावरून लोकांनी गोष्ट रचली: गरीब म्हाताऱ्यानं चित्रातून दात्यांवर सूड उगवला. मला नाही पटत. रोज येता-जाता बघतो. चेहरे कडक आहेत, पण कुचेष्टा कुठेच नाही. आमच्या काकू तर म्हणाल्या, "हिशेबाला पक्क्या दिसतात."

खरी मजा हातांत. जवळ गेलात तर बोटं नीट रेखलेलीच नाहीत, नुसते ब्रशचे सुटे फटकारे. चार पावलं मागे या, हात तयार.

चेहऱ्यांसाठी घेत असाल तर लहान प्रिंट चालेल. हातांसाठी तीन फुटांच्या खाली जाऊ नका.