म्हापशात मिळालेले लाकडी बदक

म्हापशाच्या बाजारालगत जुन्या वस्तूंचे एक लहानसे दुकान आहे. तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांच्या, घरांतून आलेले सामान तिथे बरेच असते. त्यातच गेल्या महिन्यात मला दोन डिकॉय, म्हणजे रानबदकांना भुलवून खाली उतरवण्यासाठी पाण्यावर सोडायची लाकडी बदके, दिसली. "घेतलं नाही तरी चालेल, हातात धरून बघा," असे दुकानदार म्हणाले, त्यामुळे उजेडात नेऊन निवांत पाहता आली. त्यांतले एक मी घेतले.

त्याच्या पोटाखाली शिशाची पट्टी ठोकलेली आहे आणि छातीपाशी नांगराची दोरी बांधण्यासाठी चामड्याचा फास आहे. घरी टाकीच्या पाण्यात ते मुद्दाम उलटे सोडले, तर क्षणात सुलटे होऊन डुलू लागले. पाठीवरच्या पिसांच्या रेघा पुसट, पण जुन्याच आहेत. चोचीला मात्र कोणीतरी हल्ली चकचकीत ऑइल पेंट फासला आहे. अशा वस्तूचे मोल मूळ रंगावर ठरते, तेव्हा ही गोष्ट दुकानदारांनी आधीच सांगायला हवी होती.

त्याहून मोठी चूक सोबतच्या चिठ्ठीत होती: "इंग्लंडच्या डिकॉय तळ्यातील बदक". इंग्लंडमधली ती तळी ही वेगळीच युक्ती होती. दुसऱ्या चार्ल्स राजाने 1665 मध्ये लंडनच्या सेंट जेम्स पार्कात असे तळे करवून घेतले, आणि विद्या मूळची डच लोकांची. तळ्यातून वाकडे, निमुळते होत जाणारे चर काढून त्यांवर कमानी व जाळे घालत. काठावरच्या बोरूच्या आडोशांमागून शिकवलेला कुत्रा क्षणभर दिसे आणि लपे. शत्रूला नजरेआड होऊ न देण्याच्या स्वभावामुळे बदके त्याच्या मागोमाग चरात शिरत, आणि मागे माणूस उभा राहिला की पुढे धावून टोकाच्या जाळ्यात अडकत. तिथे लागत ती माणसाळलेली जिवंत बदके. नांगर टाकलेले लाकडी बदक हे बंदुकीच्या शिकारीचे साधन, आणि ते मुख्यतः अमेरिकेतले. नेवाडातील लवलॉक गुहेत 1924 मध्ये सापडलेली बोरूची बदके तर सुमारे 2000 वर्षांपूर्वीची आहेत.

हे सांगितल्यावर दुकानदारांनी वाद न घालता कागद-पेन पुढे केले. दुसऱ्या बदकाची चिठ्ठी मी नव्याने लिहून दिली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्ष्यांना आमिष दाखवणे हीदेखील शिकारच ठरते, हे त्यात आवर्जून घातले, कारण करमळीच्या तळ्यावर अडया, म्हणजे शीळ घालणारी रानबदके, उतरतात आणि ते तळे इथून फार लांब नाही.