मेस्किट, नेवाडा: परवडणारा वाळवंटी गोल्फ आणि मुक्काम

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की बहुतेकांना जॉगिंग ट्रॅकच आठवतो. खरोखर गोल्फ खेळणारे मोजकेच. त्यांच्यापैकी ज्यांची मुलं अमेरिकेत लास वेगस किंवा लॉस एंजेलिसकडे आहेत, त्यांनी मुलांकडे गेल्यावर तीन दिवस मेस्किटसाठी राखून ठेवावेत. लास वेगसहून आय-15 महामार्गाने हे गाव साधारण 130 किलोमीटरवर आहे. खोली आणि गोल्फ एकत्र घेतलं की अ‍ॅरिझोनातल्या गोल्फसाठी प्रसिद्ध स्कॉट्सडेलपेक्षा इथं बरंच स्वस्त पडतं, शिवाय खेळ सामान्य खेळाडूला झेपतो.

राहायला कासाब्लांका रिसॉर्ट. त्याच समूहाची दोन मैदानं आहेत, कासाब्लांका आणि पाम्स. कॅल ओल्सन यांनी आखलेलं कासाब्लांका व्हर्जिन नदीच्या पाणथळ भागाला लागून आहे, त्यामुळे वाळवंटात येऊनही चेंडू पाण्यात जाण्याचीच भीती जास्त. पाम्सचे पहिले नऊ होल सपाट आणि मोकळे, पुढचे नऊ टेकड्यांत. पंधराव्या होलचा टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, खालच्या फेअरवेपासून (कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्यापासून) शंभर फुटांहून उंच आहे. तिथं वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब, म्हणजे काठी) काढू नका. गावातल्याच वुल्फ क्रीक मैदानाचे फोटो सगळ्यांना भुलवतात, पण ते महाग आहे आणि तिरका फटका अजिबात खपवून घेत नाही. पहिल्या खेपेला ते सोडा.

टी निवडताना मन मोठं ठेवा. प्रत्येक होलला पुढे-मागे अनेक टी असतात. ड्रायव्हरनं चेंडू 200 यार्ड जात असेल तर ज्यावरून मैदानाची एकूण लांबी 5200 ते 5400 यार्ड भरते तो टी घ्यावा, 225 जात असेल तर 5800 ते 6000 चा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटरवर आहे आणि मेस्किट त्याहून थोडं खालीच. म्हणजे उंचीमुळे चेंडू लांब जाईल ही आशा धरू नका. थंड सकाळी तर एक क्लब जास्तच, म्हणजे आणखी लांब मारणारा, लागतो.

खरी गोची होते फेअरवेच्या कडेला. हिरवळ जिथं संपते तिथून बारीक खडी, टणक माती आणि काटेरी झुडपं सुरू होतात. खडीवरचा चेंडू दिसायला छान बसलेला दिसतो, पण खाली दगड असतो आणि एका फटक्यात वेजच्या (जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या) तोंडावर ओरखडा उठतो. अशा जागेसाठी एखादं जुनं सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) बॅगेत ठेवावं. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि झुडपाखाली हात घालू नये, कारण उन्हाळ्यात साप असतात.

नियम आधी स्कोअरकार्डवर वाचा. वाळवंट लाल खुणांचा पेनल्टी एरिया (दंड घेऊन बाहेर पडता येणारा भाग) धरलेला असेल, तर चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लब लांबीच्या आत एका दंडावर (एक फटका जादा मोजून) ड्रॉप, म्हणजे चेंडू हातानं टाकून खेळायची मुभा, मिळतो. तसं नसेल तर हरवलेल्या चेंडूसाठी परत टीवर यावं लागतं, म्हणून प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव दुसरा चेंडू, आधीच मारून ठेवा. चेंडू सापडला पण खेळता येत नसेल, तर दोन क्लब लांबीचा ड्रॉप बहुतेक वेळा पुन्हा खडीतच पडतो. अशा वेळी एक दंड घेऊन टीवर परतणंच पुष्कळदा स्वस्त पडतं.

तारीख ठरवताना गवताचा विचार करा. इथली बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. थंडीत ती पिवळी पडून झोपते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्यावर राय गवताचं बी पेरतात. त्या काळात मैदान काही आठवडे बंद असतं, आणि उघडल्यावरही कोवळे कोंब चिरडू नयेत म्हणून कार्ट (खेळाडूंची छोटी गाडी) फक्त रस्त्यावरच चालवू देतात. मग 18 होलमध्ये बरीच पायपीट होते. बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. फेब्रुवारी ते एप्रिल गवत उत्तम असतं, दरही चढे. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशी दर उतरतात, मात्र दव गोठलं तर खेळ सुरू करायची पहिली वेळ पुढे ढकलतात. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की ते तुटतं आणि काळे ठसे राहतात, त्यामुळे वाद घालून उपयोग नाही. आपल्याकडचे आई-वडील बहुधा मे ते जुलै जातात. तेव्हा दर सर्वांत कमी असतात, पण जुलैत पारा 40 च्या वर असतो. पहाटेचीच वेळ घ्या. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, म्हणून तहान लागण्याआधी पाणी प्या.

एक चूक मात्र हमखास होते. गाव अ‍ॅरिझोनाच्या सीमेला टेकलेलं आहे आणि हिवाळ्यात तिथलं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं. मोबाइलनं पलीकडचा टॉवर पकडला की वेळ बदलते. फोनमध्ये नेवाडाची वेळ हातानं पक्की करा.

खोली ठरवताना दरात रिसॉर्ट फी आणि कर धरले आहेत का, ते विचारा. नेवाडात कसिनोच्या मजल्यावर धूम्रपान चालतं, म्हणून खोली लांबच्या बाजूची मागा. शाकाहाऱ्यांनी चिवडा आणि थेपले बरोबर ठेवावेत. नाशिकच्या आरटीओतून गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढा. मुंबईहून गोल्फचं किट न्यायचं असेल तर ड्रायव्हर क्लबचं डोकं काढून कपड्यात गुंडाळा, रेंजफाइंडरची (अंतर मोजायच्या यंत्राची) सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत घ्या. चार माणसं आणि चार किट साध्या सेदानमध्ये बसत नाहीत, तेव्हा गाडी मोठी एसयूव्हीच घ्या.